ई-एएसआर आणि मोफत ई-सर्च : गल्लीचा खरा भाव शोधताना

नागपुरात घर बघायला निघाला असाल तर दलालाला फोन लावण्याआधी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या दोन ऑनलाइन सेवा उघडून बसा. एक ई-एएसआर, म्हणजे जमीन-घरांच्या सरकारी दरांचा तक्ता, ज्याला आपण सगळे रेडी रेकनर म्हणतो. दुसरी मोफत ई-सर्च, जिथं झालेल्या रजिस्ट्र्यांची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, घरबसल्या वाचता येते. पहिलीला मी पाचपैकी तीन गुण देईन, दुसरीला साडेचार. दोन्ही फुकट आहेत. तरी घर घेणाऱ्यांपैकी फार थोडे लोक इसार देण्याआधी त्या बघतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आयुष्यभराची जमा एका सहीनं दुसऱ्याच्या खात्यात जाते, आणि भाव ठरतो तो कुणाच्या तरी तोंडच्या शब्दावर.

मी धरमपेठेत एका सीएच्या ऑफिसात नोकरी करते. घर विकलेल्या लोकांच्या भांडवली नफ्याच्या फायली रोज हाताखालून जातात, त्यामुळे सूची दोन, मुद्रांक शुल्काच्या पावत्या, मूल्यांकनाचे कागद वाचायची सवय आहे. यंदा मात्र आपल्याच घरासाठी वाचायची वेळ आली. आईला आणि मला राहायला त्रिमूर्तीनगर, खामला, जयताळा रोड या पट्ट्यात दोन खोल्यांचा फ्लॅट हवा होता. दादा-वहिनी तिथंच राहतात, आणि सुभाषनगर किंवा रचना रिंग रोडचं मेट्रो स्टेशन हाताशी आलं तर माझं जाणं-येणंही सोपं होतं.

फिरायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात डोकं चक्रावलं. एकाच चौकातून आत जाणाऱ्या दोन गल्ल्या, दोन्हीकडे साधारण एकाच वयाच्या फ्लॅट स्कीम, खोल्याही तेवढ्याच, आणि तरी चौरस फुटामागे हजाराच्या वर फरक. कारण विचारलं तर उत्तर एकच, "लोकेशन आहे ना ताई." दोन गल्ल्यांमध्ये फक्त घरांची एक रांग आहे, तेव्हा लोकेशन म्हणजे नेमकं काय, हे सांगायला कुणी तयार नव्हतं. म्हणून मी कागदाकडे वळले.

ई-एएसआरमध्ये वर्ष, जिल्हा, तालुका आणि गाव निवडायचं. पुष्कळ जण इथंच अडतात, कारण आपण बोलतो ती नगरांची नावं, आणि तक्ता चालतो मौज्यावर, म्हणजे महसुली गावावर. त्रिमूर्तीनगरचा प्लॉट कागदोपत्री मौजा भामटीत असतो, मनीषनगरचा बराच भाग मौजा सोमलवाड्यात. विक्रेत्याच्या जुन्या रजिस्ट्रीत मौजा आणि खसरा नंबर (मूळ शेतजमिनीचा सर्व्हे नंबर) लिहिलेला असतो, तो आधी मागून घ्या. नंबर द्यायला जो का-कू करतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

मौजा सापडला की पुढचं सोपं आहे. खुली जमीन, निवासी सदनिका, कार्यालय, दुकान आणि औद्योगिक असे वेगवेगळे दर एका ओळीत दिसतात. दर चौरस मीटरचा असतो आणि दलाल चौरस फुटात बोलतो, तेव्हा १०.७६४ नं भागायचं. त्यापेक्षा मोठा घोळ क्षेत्रफळाचा. दलालाच्या तोंडी सुपर बिल्टअप असतं, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामायिक जागेचा वाटाही धरून; तक्ता सदनिकेचं भिंतींसकट बांधीव क्षेत्र धरतो, आणि महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवरच्या राज्याच्या नियामकाकडे, नोंदलेल्या प्रकल्पात कार्पेटवरच, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या जागेवरच, विक्री करावी लागते. तीन मापांतले तीन भाव शेजारीशेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे फसण्याची तयारी. आधी सगळं कार्पेटवर आणा, मगच महाग-स्वस्त बोला. तक्त्यासोबत मूल्यांकनाच्या मार्गदर्शक सूचनाही असतात. त्या कंटाळवाण्या आहेत, पण वाचाच. जुन्या इमारतीला वयाप्रमाणे घसारा मिळतो, लिफ्ट नसेल तर वरच्या मजल्यांचा दर कमी धरतात. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यासाठी कुणी पहिल्या मजल्याचा भाव सांगत असेल तर या सूचना त्याच्यापुढे ठेवता येतात.

नवे दर १ एप्रिलपासून लागू होतात. २०२२ साली वाढल्यावर ते तीन वर्षं तसेच राहिले आणि १ एप्रिल २०२५ पासून पुन्हा वाढले. तेव्हा वर्षाचा रकाना नीट बघा, जुनं वर्ष निवडलं तर जुना दर दिसेल.

आता ई-एएसआरचे दोन गुण मी का कापले ते सांगते. तक्त्यात मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या मालमत्तांचा दर वेगळा आणि आतल्या भागाचा वेगळा, एवढा भेद केलेला असतो. पण आतला भाग एकदा सुरू झाला की त्यातल्या चांगल्या गल्लीला आणि पडक्या गल्लीला दर एकच. माझ्या त्या दोन गल्ल्या, महाग ती पुढची आणि स्वस्त ती मागची, ज्यांच्यात बाजारात एवढा फरक होता, तक्त्यात एकाच ओळीत बसल्या होत्या.

हा नुसता माहितीचा तोटा नाही, यात मागच्या गल्लीतल्या माणसाच्या खिशाला चाट बसते. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि तक्त्याची किंमत यांतल्या जास्त असलेल्या रकमेवर भरावं लागतं. चांगल्या गल्लीत व्यवहार तक्त्याच्या वरच होतो, तिथं कुणाला काही जाणवत नाही. मागच्या गल्लीत मात्र समजा फ्लॅट छत्तीस लाखांना ठरला आणि तक्त्याप्रमाणे त्याचं मूल्य बेचाळीस लाख आलं, तर शुल्क बेचाळीसवर. एवढ्यावर भागत नाही. आयकर कायदा तक्त्याचं मूल्य आणि व्यवहाराची किंमत यांत दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतो. इथं फरक त्याच्या वर गेला, म्हणून विकणाऱ्याचा नफा बेचाळीस धरून मोजतात आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात वरचे सहा लाख मिळवतात. ज्याला चांगली गल्ली परवडली नाही, म्हणून जो मागे सरकला, त्यालाच न मिळालेल्या पैशावर कर! ऑफिसात अशी माणसं कागद घेऊन समोर बसतात तेव्हा त्यांना हे समजावून सांगणं मला फार जड जातं. नोटीस आल्यावर कळण्यापेक्षा इसाराआधी कळलेलं बरं, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिते आहे.

यावर उपाय आहेत. रजिस्ट्रीआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाचा अर्ज करून मूल्य ठरवून घेता येतं. आयकरातही प्रकरण मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करता येते. दोन्हींना वेळ लागतो आणि कागद लागतात, तेव्हा घाईत असलेला विक्रेता थांबायला तयार नसतो. पण तक्ता आधी बघितलेला असेल तर निदान भाव ठरवतानाच हा खर्च त्याच्यापुढे मांडता येतो. मुद्रांकावरून आठवलं, नुसत्या महिलांच्या नावावर घर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून शुल्कात एक टक्का सवलत आहे. आम्ही आधी दादाचंही नाव टाकणार होतो. एक पुरुष नाव आलं की सवलत जाते, म्हणून आई आणि मी अशी दोघींचीच नावं घालायचं ठरलं. नोंदणी फी एक टक्का, कमाल तीस हजार.

आता ई-सर्च. माझ्या मते घर घेणाऱ्यासाठी याहून उपयोगाची सेवा दुसरी नाही. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मालमत्तेचा नंबर टाकला की त्या नंबरच्या दस्तांची यादी येते. खसरा नंबर टाकून बघा, मग प्लॉट नंबर टाकून बघा, दोन्हींत वेगवेगळे दस्त सापडतात. दस्ताची नोंद ज्यानं जशी लिहिली तशी ती असते, म्हणून एकदा काही आलं नाही तर सोडून देऊ नका.

यादीतल्या एखाद्या दस्ताची सूची दोन उघडा आणि शांतपणे वाचा. सगळ्यात वर विलेखाचा प्रकार. इथं 'विक्री करारनामा' किंवा 'सेल डीड' असेल तेच कामाचं. बक्षीसपत्र, गहाणखत, हक्कसोड पत्र यांवरून भाव कळत नाही. त्याखाली मोबदला आणि त्याखाली बाजारभाव. मोबदला म्हणजे दोघांनी कागदावर लिहिलेली किंमत, बाजारभाव म्हणजे तक्त्याप्रमाणे आलेलं मूल्य. मग मालमत्तेचं वर्णन: मौजा, खसरा, प्लॉट, मजला, कधीकधी चतुःसीमासुद्धा. नंतर क्षेत्रफळ, पक्षकारांची नावं, दस्त केल्याची आणि नोंदल्याची तारीख, शेवटी भरलेलं शुल्क. नावांशी आपल्याला देणंघेणं नाही, मी ती सोडून देते. मोबदल्याला क्षेत्रफळानं भागलं की चौरस मीटरचा भाव निघतो, तो वर्णनातल्या गल्लीसमोर लिहून ठेवायचा.

मी एका वहीत दोन रकाने आखले, पुढची गल्ली आणि मागची गल्ली. अलीकडच्या वर्षांतले दस्त जसजसे भरत गेले तसतसं एक ठळक दिसू लागलं. पुढच्या गल्लीत मोबदला बाजारभावापेक्षा बराच वर. मागच्या गल्लीत कितीतरी दस्तांत मोबदला आणि बाजारभाव अगदी जुळे, हजार रुपयांचाही फरक नाही. खरी खरेदी तक्त्याच्या आसपास किंवा खाली झाली, आणि पुढची कटकट नको म्हणून कागदावर तक्त्याचाच आकडा टाकला, असा मी त्याचा अर्थ लावते. कुठं रोखीचाही भाग असणार. वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम अशा व्यवहारात रोख घेणं कायद्यानं बंद आहे, तरी ते पूर्ण थांबलेलं नाही हे शहरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून सूची दोनचा आकडा हा किमान आकडा समजावा. अर्धा गुण मी यासाठीच कापला. पण दलाल जेव्हा छातीठोकपणे सांगतो, "या गल्लीत मागच्याच महिन्यात एवढ्याला गेला," तेव्हा दस्त क्रमांक विचारायचा. पुढचं बोलणं लगेच सावध होतं.

कागदानं फरक दाखवला, त्याचं कारण मात्र गल्लीतच सापडलं. दादाकडची पोलादी टेप घेऊन आम्ही दोघं सकाळी लवकर निघालो, गाड्या बाहेर पडायच्या आधी. पुढच्या गल्लीत एका कंपाउंडच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत तीस फूट आणि वर दोन-तीन इंच. मागच्या गल्लीत पंचवीस. दादा म्हणाला, "पाच फुटांसाठी एवढे पैसे?" त्या पाच फुटांतच सगळं आहे. तीस फूट म्हणजे नऊ मीटरच्या थोडं वर, पंचवीस म्हणजे साडेसात मीटरच्या जवळपास. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियमावलीत महापालिका हद्दीतल्या, दाट वस्ती सोडून इतर भागात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.१ आहे. रस्ता नऊ मीटरच्या आत असेल तर तेवढ्यावरच थांबावं लागतं. नऊ ते बारा मीटरमध्ये अधिमूल्य (जादा बांधकामाचे पैसे) भरून ०.५ आणि टीडीआरचे, म्हणजे दुसऱ्या जागेवरून विकत आणलेल्या बांधकाम हक्काचे, ०.४ मिळून तो २ पर्यंत जातो. आपल्याकडचा नेहमीचा तीस बाय पन्नासचा प्लॉट घ्या, पंधराशे चौरस फूट. मागच्या गल्लीत साडेसोळाशे फुटांचा हिशेब, पुढच्या गल्लीत तीन हजारांचा. समासिक अंतरं, म्हणजे इमारतीभोवती मोकळी ठेवायची जागा, सोडून प्रत्यक्षात किती बसेल हा पुढचा प्रश्न, पण बिल्डर जुना बंगला घ्यायला कुठल्या गल्लीत आधी शिरेल हे सांगायला नको.

आणि हे फक्त प्लॉटवाल्यांचं प्रकरण नाही. आम्ही बघत होतो त्या जुन्या स्कीमची इमारत उद्या थकली तर पुढच्या गल्लीत कुणीतरी बिल्डर ती नव्यानं बांधायला येईल, कारण त्याला विकायला जास्तीचे फ्लॅट मिळतील. मागच्या गल्लीत रहिवाशांनाच पैसे घालावे लागतील. पंचवीस फुटी गल्लीतला स्वस्त फ्लॅट घेताना ही गोष्ट हिशेबात धरा, विशेषतः इमारत तीस-पस्तीस वर्षांची असेल तर.

दुसरं कारण खास नागपुरी. आपल्याकडचे लेआउट शेतं विकत घेऊन, खसऱ्याखसऱ्यानं पडले. एक खसरा एका गृहनिर्माण संस्थेनं घेतला, शेजारचा दुसऱ्यानं. त्यामुळे दोन लेआउटची हद्द पुष्कळदा दोन गल्ल्यांच्या मधून जाते, आणि एका बाजूला नासुप्रचं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं, आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) मिळालेलं असतं, दुसऱ्या बाजूला नसतं. एकोणीसशे अनधिकृत लेआउट नियमित करण्याची गोष्ट आपण गुंठेवारी कायदा आला तेव्हापासून, म्हणजे २००१ पासून ऐकतो आहोत. आरएल नसेल तर बँका कर्जाला हात आखडतात, कर्ज नाही म्हणजे गिऱ्हाईक कमी, आणि गिऱ्हाईक कमी म्हणजे भाव खाली. हे तुम्हाला ई-एएसआरच्या ओळीत दिसणार नाही. खसरा नंबर बदलतो कुठं, ते सूची दोनच्या वर्णनात दिसतं. माझ्या वहीत दोन गल्ल्यांचे खसरे वेगळे निघाले तेव्हाच मी आरएलच्या प्रती मागितल्या.

तिसरं कारण पाणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत शिरलं. तेव्हापासून नागपुरात घर बघायला आलेला माणूस नळाच्या पाण्याइतकंच पुराच्या पाण्याचं विचारतो. आमच्या पट्ट्यात नाग नदी नसली तरी नाले आहेतच. मागच्या गल्लीच्या टोकाला एक काका फाटकाशी झाडांना पाणी घालत उभे होते. आईनं त्यांना सरळच विचारलं, "भाऊ, पावसाळ्यात इथं पाणी भरते का?" ते म्हणाले, "इथं नाही भरत, पण त्या कोपऱ्यावरच्या तीन घरांत भरते. रोड दोनदा उंच केला ना, घरं खाली राहून गेली." आम्ही जाऊन बघितलं. रस्ता फाटकाच्या पायरीपेक्षा हातभर वर, भिंतीच्या रंगावर गुडघ्याएवढी मातकट रेघ, आणि आतल्या मीटरची पेटी अलीकडेच वर सरकवल्याच्या खुणा. आम्हाला दाखवलेला फ्लॅट त्या घरांच्या शेजारी तळमजल्यावर होता. सांगणाऱ्यानं कोपऱ्याचा प्लॉट म्हणून वर जास्तीचे पैसे लावले होते.

तो सोडला. घेतला तो त्याच मागच्या गल्लीत, पण मधोमध, पहिल्या मजल्यावरचा. पुढची गल्ली आमच्या आवाक्यात नव्हती. विक्रेत्यापुढे मी वही उघडली, त्याच गल्लीतले दस्त दाखवले, रस्त्याची रुंदी सांगितली, तक्त्याचं मूल्य सांगितलं. ते स्वतः नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, आकडे नीट बघितले, बायकोशी बोलले आणि सांगितलेल्या किमतीवरून खाली आले. तक्त्याच्या मूल्यापेक्षा दहा टक्क्यांच्या चौकटीत राहील असा आकडा आम्ही दोघांनी मिळून ठरवला, म्हणजे त्यांनाही कराचा त्रास नको आणि आम्हालाही नको.

एक सावधगिरी. या दोन सेवांवरून मालकी स्वच्छ आहे की नाही हे ठरवू नका. आखीव पत्रिका (जागेच्या मालकीचा उतारा), फेरफार, नझूलचा, म्हणजे सरकारी जमिनीचा, भाडेपट्टा असेल तर त्याची मुदत, हे वकिलाकडून तीस वर्षांच्या सर्च रिपोर्टमध्ये तपासून घ्या. तो खर्च वाचवण्यासारखा नाही.

विभागाकडे माझी एक मागणी आहे. तक्त्यात आतल्या भागाचे रस्त्याच्या रुंदीप्रमाणे निदान दोन तुकडे करावेत, नऊ मीटरच्या आतले आणि त्यावरचे. रुंदी लेआउटच्या मंजूर नकाशात लिहिलेली असते, ती नव्यानं मोजायला नको. तेवढं झालं तर पंचवीस फुटी गल्लीतल्या माणसाला तीस फुटी गल्लीचा मुद्रांक भरावा लागणार नाही, आणि मी ई-एएसआरला आनंदानं आणखी एक गुण देईन.